विश्लेषण : ‘डीफ्रॅग’ केल्याने संगणक खरेच वेगवान होतो का?

जुना संगणक रखडू लागला की ‘एकदा डीफ्रॅग करून घ्या’ हा सल्ला आजही हमखास मिळतो. विंडोज ९८च्या काळात पडद्यावर सरकणारे रंगीत चौकोन पाहत बसलेल्यांना तो पटतोही. पण तो योग्य आहे की नाही, हे संगणकात कोणती डिस्क आहे यावर ठरते.

फाइलचे तुकडे का होतात?

हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि एक हेड त्यांवरून माहिती वाचते. जुन्या फाइल पुसल्या की मधेमधे मोकळी जागा राहते. नवी मोठी फाइल सलग मावली नाही, की ती जागा मिळेल तिथे तुकड्यांत लिहिली जाते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक तुकड्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागले, तर हजार तुकड्यांसाठी निव्वळ प्रतीक्षाच चार सेकंदांवर जाते. हेड हलवण्याचा वेळ वेगळाच. तुकडे सलग मांडले की हा वेळ वाचतो.

म्हणजे फायदा आहे, पण गेली अनेक वर्षे विंडोज हे काम दर आठवड्याला स्वतःच करते. त्यामुळे त्यासाठी दुकानात वेगळे पैसे मोजण्याचे कारण सहसा उरत नाही.

एसएसडी असेल तर?

एसएसडीमध्ये तबकडी नाही, हेडही नाही. माहिती कुठल्याही कोपऱ्यात असली तरी ती शोधायला जवळपास सारखाच वेळ लागतो. शिवाय तिच्या पेशींवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. एकदा डीफ्रॅग केल्याने ती बिघडणार नाही, पण ती झीज फुकटचीच. विंडोज ८पासून ‘ऑप्टिमाइझ’ हे बटण एसएसडी ओळखून ‘ट्रिम’ची सूचना देते, म्हणजे कोणती जागा रिकामी झाली ते डिस्कला कळवते. ती सोय बंद करू नये. मोबाइलमध्येही फ्लॅश मेमरीच असते, तेव्हा तिथेही डीफ्रॅगच्या भानगडीत पडायला नको.

आपली डिस्क कोणती, हे विंडोज १० किंवा ११मध्ये टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात दिसते. हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवल्याने पडणारा फरक कोणत्याही डीफ्रॅगपेक्षा मोठा असतो. मात्र डिस्कमधून खडखड आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना अडत असतील, तर डीफ्रॅगला हातही लावू नये. त्यात मरणासन्न डिस्कला तासन् तास राबावे लागते. आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी.