ऑक्सिजन मशीनची बॅटरी उन्हाळ्याआधी तपासा



टीबी बरा होऊनही फुप्फुसं कमजोर राहिलेले, धुळीच्या कामामुळे दम लागणारे रुग्ण आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. काहींच्या घरी ऑक्सिजन मशीन असते. घरच्या बहुतेक मशीनला स्वतःची बॅटरी नसते. मे महिन्यात वाडीत पारा 45 च्या आसपास असताना लाइट गेली, तर रुग्णाचा श्वास इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालतो. म्हणून ही बॅटरी घरातल्या औषधाइतकीच महत्त्वाची समजा.

हिशेब असा. पाच लिटरची मशीन साधारण 300 ते 400 वॉट वीज घेते. 12 व्होल्ट, 150 एएचची नवी बॅटरी ती सुमारे अडीच-तीन तास चालवते, तीही पंखे बंद ठेवले तर. जुनी बॅटरी अर्ध्या तासातही बसू शकते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा.

निगा कशी राखायची?

उन्हात बॅटरीचं पाणी लवकर आटतं. उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी पाहा. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, बोअरचं किंवा आरओचं पाणी नको. 'जान यावी' म्हणून ॲसिडही घालू नका, प्लेटा खराब होतात.

बॅटरी हवेशीर, सावलीच्या जागी ठेवा. चार्ज होताना त्यातून पेट घेणारा वायू निघतो. वंदनेची मेणबत्ती, अगरबत्ती तिच्याजवळ लावू नका. रिकामी झालेली बॅटरी तशीच पडू देऊ नका, प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर घट्ट बसतो.

दुकानदार "मेलेली बॅटरी जिवंत करून देतो" म्हणतात. थर नवा असेल तर हळूहळू, बराच वेळ चार्ज करून थोडा फायदा होतो. प्लेटा झडल्या असतील तर काहीच होत नाही. अडचण ही की अशी बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्ट दाखवते आणि भार पडताच कोसळते. पंख्यासाठी ती चालेल, श्वासासाठी नाही.

कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा, ही बुद्धांची शिकवण इथेही कामाची आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करा. रुग्णाची मशीन घराच्या लाइटवरच राहू द्या. इन्व्हर्टरचा मेन प्लग काढून त्यावर 100 वॉटचे साडेतीनशे-चारशे वॉट होतील इतके बल्ब लावा. शिट्टी वाजेपर्यंत किती वेळ गेला तो भिंतीवर लिहा आणि लगेच परत चार्जिंगला लावा. नवी असतानाच्या वेळेच्या निम्म्याहून कमी भरला, तर बॅटरी बदला.

मिळालेल्या वेळेच्या अर्ध्यातच पुढची सोय करायला निघा: भरलेला सिलिंडर, शेजाऱ्याचं वाहन किंवा 108 ची ॲम्ब्युलन्स. सिलिंडर किती ठेवायचा ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

जुनी बॅटरी घरी फोडू नका. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. नवी घेताना दुकानात परत द्या, पैसे कमी होतात.

नवी बॅटरी महाग आहे, एकट्या घराला झेपत नाही. विहार समित्यांनी अशा रुग्णांची यादी करावी, उन्हाळ्याआधी प्रत्येक घरची बॅटरी तपासावी आणि वर्गणीतून एक चांगली बॅटरी विहारात चार्ज करून ठेवावी. ज्याच्या घरी अडेल, त्याच्या घरी ती नेता येईल.