अँटन: एकच काम जाणणारं यंत्र

क्ष-किरणांनी टिपलेली प्रथिनाची रचना पाहणं म्हणजे फुगडीचा फोटो पाहणं. हात कुठे, पाय कुठे ते कळतं. फेर दिसत नाही. प्रथिनाचं सगळं काम तर त्या फेरात असतं. ते घडी घालतं, उघडतं, औषधाच्या रेणूला आत घेतं किंवा बाहेर ठेवतं.

तो फेर पाहायचा तर प्रत्येक अणूला न्यूटनचे नियम लावून संगणकात चालवावं लागतं. ही वाट जुनी. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 साली अमेरिकेत द्रवरूप आर्गॉनचे 864 अणू असे चालवून दाखवले. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही, याची खंत वाटते.

खरी अडचण वेळेची. सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा कोटी. हा झाला एक फेम्टोसेकंद. अणू इतके चपळ, की दर दोन-अडीच फेम्टोसेकंदांनी सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो: कोण कोणाला किती ओढतो, किती ढकलतो. पुढचं पाऊल मागच्यावर अवलंबून, म्हणून पावलं वाटून घेऊन एकदम टाकता येत नाहीत. 1977 साली गाईच्या स्वादुपिंडातलं 58 अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन पहिल्यांदा असं चालवलं, ते जेमतेम 9.2 पिकोसेकंद, म्हणजे 9,200 फेम्टोसेकंद.

न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ रिसर्चने यावर वेगळा उपाय काढला. डेव्हिड शॉ हे आधी कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवत. पुढे त्यांनी शेअर बाजारात मोठं नाव कमावलं आणि मग या विषयाकडे वळले. त्यांच्या चमूने चिपच नवी घडवली. अणूंच्या जोड्यांमधलं बल काढणं हे सर्वांत किचकट काम, ते तिच्या तारांतच कोरलं. अशा 512 चिप आठ बाय आठ बाय आठच्या जाळीत बसवल्या. 2008 मध्ये पहिलं अँटन उभं राहिलं. त्यावर ना हवामानाचा अंदाज निघतो, ना चित्रपटाची दृश्यं तयार होतात. पण सुमारे साडेतेवीस हजार अणूंचा पसारा ते दिवसाला 17 मायक्रोसेकंद पुढे नेई. इतर यंत्रं तेव्हा एका मायक्रोसेकंदाच्या आतच अडकत.

2010 साली त्याच चिमुकल्या प्रथिनाला त्यांनी एक मिलिसेकंद चालवलं. म्हणजे सुमारे चाळीस हजार कोटी पावलं, 1977च्या तुलनेत दहा कोटी पटींहून जास्त काळ. प्रथिन एका जागी थरथरत बसलं नव्हतं. ते मोजक्या चार-दोन रूपांत रमत होतं, एकातून दुसऱ्यात जात होतं, परत येत होतं. मला सगळ्यात भावते ती यंत्राची हिशोबातली शिस्त. तापमान आवरणारी जोड वगैरे बाजूला ठेवून गणित चालवलं, मध्येच सगळ्या अणूंचे वेग उलटे केले, की ते जिथून निघाले तिथेच परत येतात, शेवटच्या अंकापर्यंत.

पुढे 2014 मध्ये दुसरं अँटन आलं, 2021 मध्ये तिसरं. पिट्सबर्गच्या सुपरकॉम्प्युटिंग सेंटरमध्ये 2010 पासून एक अँटन अमेरिकेतल्या संशोधकांना बिगरव्यावसायिक कामासाठी विनामूल्य मिळतं.

नाव ठेवलंय अँटोनी व्हॅन लेव्हेनहूकवरून. डेल्फ्टचा हा कापडव्यापारी. पाण्याच्या थेंबातले जीव त्याने ज्या भिंगांतून पाहिले, ती त्याने स्वतःच्या हातांनी घडवली होती.