एका क्रियापदाची गोष्ट

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. पूरसंरक्षक बांध फुटले व न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मदतीच्या दिरंगाईवर लोकक्षोभ उसळला. पण मला अंतर्मुख केले ते दोन वृत्तसंस्थांच्या दोन छायाचित्रांवरील वादाने. दोन्हींत खोल पाण्यातून खाद्यपदार्थ नेणारी माणसे. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली ‘लुटले’, गोऱ्या जोडप्याच्या चित्राखाली ‘सापडले’! शब्दयोजना करणारे निराळे होते, हेतू दुष्ट असेलच असे नाही. तथापि ३१ ऑगस्टला महापौरांनी पोलिसांना सुटकेच्या कामावरून काढून लूट थांबविण्यास धाडले. बुडणाऱ्याला हात मिळावा की पहारा, हे कधी कधी एका क्रियापदावर ठरते. आपण भाषेच्या विद्यार्थ्यांनी हे विसरू नये.