बालगृहाची किल्ली कोणाच्या हाती?

बालगृहातून मुले पळाल्याची बातमी आली की 'भिंत उंच करा, कुलूप भक्कम करा' असे उद्गार सहज निघतात. उल्हासनगरात मुलींसाठी शासकीय निवासी गृह आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. परंतु कायद्याला कुलपापेक्षा कुलपाआडच्या मुलाची काळजी अधिक आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. निराधार वा छळलेल्या मुलांसाठी बालगृह. अपराधाचा आरोप असलेल्यांसाठी, चौकशी चालू असेतो, निरीक्षणगृह. अपराध शाबीत झाल्यावर विशेष गृह, आणि तेही तीन वर्षांहून अधिक नाही. १६ वर्षांपुढील मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर त्याच्यासाठी निराळे 'सुरक्षित स्थान' असते. यांपैकी एकही जागा तुरुंग नव्हे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने पोलीस कोठडी आणि तुरुंग मुलांना वर्ज्य केले आहेत. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, हे तर त्या कायद्याचे तत्त्वच आहे.

सापडलेल्या मुलास २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, आरोप असल्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. नोंदणीवाचून गृह चालविणे हा गुन्हा आहे. तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक गृहास भेट द्यावयाची असते. पथकात किमान तीन सभासद, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी हवा. संस्थेतील कर्मचाऱ्याने मुलाचा छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

सर्वांत बोलका नियम मात्र लहानसा आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलांच्या खोल्यांजवळ, कचेरीपासून दूर, सूचनापेटी असावी. तिची किल्ली अधीक्षकाकडे नसते, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असते. आणि पेटी दर आठवड्यास मुलांच्या प्रतिनिधींसमक्ष उघडावयाची असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती किल्ली असून कसे चालेल?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन बालिकांवरील अत्याचाराची तक्रार पुढे आली, तेव्हा लोक रेल्वेरुळांवर उतरले. शाळेतले मूल संध्याकाळी घरी येऊन आईला सांगू तरी शकते. बालगृहातील मुलाने सांगावे कोणाला? त्याच्यासाठी ती पेटी आणि ती भेट, एवढाच आधार.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नागरिकांनी, मुलांची नावे न विचारता, दोनच प्रश्न विचारीत राहावे: शेवटची तपासणी केव्हा झाली? आणि पेटी केव्हा उघडली?