घोंगडी: चित्र नाही, कथा आहे

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात विणली जाणारी घोंगडी हे दख्खनी मेंढीच्या लोकरीचे पांघरूण. तेच अंथरूण, तेच पावसातले आडोशाचे कापड. विणकामात चित्रही येऊ शकते: १९७९ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर अफगाण विणकरांनी गालिच्यांवर रणगाडे आणि हेलिकॉप्टर आणले. घोंगडीवर असे काहीच नसते. काळा, पांढरा किंवा करडा पट आणि काठाला चार पट्टे, एवढाच तिचा थाट.

याचे कारण लोकरीत आणि मागात आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ, आखूड आणि बरीचशी काळी. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही. मेंढरे कातरल्यावर लोकर पिंजतात आणि बायका चरख्यावर सूत काढतात. ताण्याला चिंचोक्याची खळ चढवून कुंच्याने तो ताठ करतात. मग सनगर, म्हणजे घोंगडी विणणारा कारागीर, खड्डामागावर साधी वीण घालतो. ताण्यात दुसऱ्या रंगाचे सूत भरले की सरळ पट्टा निघतो. चित्र काढायचे तर रंगीत सूत जागोजाग हाताने गुंतवावे लागते किंवा गाठी माराव्या लागतात. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला तो खटाटोप कशाला हवा? त्याला ऊब हवी होती आणि पाणी अंगावर येऊ नये एवढेच.

कथा सांगण्याचे काम धनगरांनी गळ्यावर सोपवले. ढोलाच्या साथीने ओवी चालते. त्यांचा देव बिरोबा याच्या जन्माचा, लग्नाचा प्रसंग आधी गाऊन होतो आणि मग तोच बोलीत उलगडून सांगितला जातो. हे मौखिक भांडार ज्यांनी चिकाटीने गोळा केले त्यांत जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. शेजारच्या सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर कागदावरची चित्रे दाखवत कथा सांगतात. धनगरी ओवीला चित्राची गरज पडत नाही.

ही कथा उघड्यावर, हजारो माणसांत पाहायची तर हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला जावे. दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या विठ्ठल-बिरदेवाच्या (बिरदेव म्हणजेच बिरोबा) यात्रेत मानाच्या छत्र्या नाचतात, गजे-ढोल घुमतात आणि भंडारा, खोबरे यांच्याबरोबर लोकरही उधळली जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावहून पायी आलेले फरांडेबाबा तलवार घेऊन हेडाम हा नाच खेळतात आणि पाऊसपाण्याची भाकणूक, म्हणजे भविष्य, सांगतात. मेंढीच्या अंगावरची वस्तू देवावर उधळण्याइतकी मोलाची मानणारा हा समाज आहे.

बाजारात मात्र या लोकरीला भाव नाही. मांसासाठी माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या मेंढ्या पाळणे परवडते आणि पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे हातची घोंगडी महाग पडते. कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, म्हणून ती पुष्कळदा टाकूनच दिली जाते. काही संस्था आता घोंगडीच्या कापडाच्या पिशव्या आणि आसने शहरात विकतात. त्यातून मागावरच्या चार घरांना काम मिळते, पण मेंढपाळाच्या लोकरीचा सगळा माल उचलण्याइतकी ती मागणी नाही.