विश्लेषण : कंपवाताच्या रुग्णांना नृत्य कसे उपयोगी?

दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. पण कोणी ‘एक-दोन’ मोजले की तेच पाऊल पुढे पडते. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असलेल्या अनेकांचा हा अनुभव आहे. त्यांच्यासाठीचे नृत्यवर्ग यावरच आधारलेले आहेत.

असे का घडते?
मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की सवयीच्या हालचाली आपोआप होत नाहीत. ताल किंवा मोजणीचा बाहेरून इशारा मिळाला, की मेंदू पर्यायी मार्गाने हालचाल घडवू शकतो.

सुरुवात कुठे झाली?
न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ साली मार्क मॉरिस डान्स ग्रुपने स्थानिक पार्किन्सन गटासोबत असे वर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सदस्यांना नृत्य शिकवले.

पुरावा काय?
कॅनडातील यॉर्क विद्यापीठाने दर आठवड्याला नृत्य करणाऱ्या १६ रुग्णांची तीन वर्षे पाहणी केली. नृत्य न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या हालचालींतील बिघाड कमी वाढला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. मात्र ही संख्या लहान आहे.

काळजी कोणती?
नृत्याने आजार बरा होत नाही. गोळ्या सुरूच ठेवाव्या लागतात. तोल जाण्याचा धोका असल्याने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, खुर्चीचा आधार घ्यावा. हात थरथरतो म्हणून चारचौघांत जाणे टाळणाऱ्यांना इथे मात्र संकोच वाटत नाही. शेजारच्याचाही हात थरथरतच असतो.