वजन कमी होता होता थांबले, तर काय समजावे?

वजन कमी करण्याचे पहिले दोन-तीन महिने बहुतेकांना बरे जातात. साखर कमी, तळलेले बंद, सकाळचे चालणे सुरू. 84 किलोचे 78 होतात, पँट सैल होते, शेजारीपाजारी विचारू लागतात. मग काटा 78 वर येऊन बसतो. खाणे तेच, चालणे तेच, पण पाच-सहा आठवडे आकडा हलत नाही. "डॉक्टर, आता काही उपयोग नाही" हे वाक्य आम्ही सर्वांत जास्त ऐकतो ते या टप्प्यावर, आणि प्रयत्न सोडले जातात तेही इथेच. म्हणून या थांबण्याचा अर्थ समजून घेणे महत्त्वाचे आहे.

शरीरात काय घडते?

सुरुवातीला झपाट्याने उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन नावाची साखर साठवतात. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी असते. खाणे कमी केले की हा साठा आधी संपतो आणि पाणीही जाते. चरबी त्यानंतर सावकाश उतरते. त्यामुळे पहिल्या महिन्याचा वेग पुढे टिकणारच नसतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. हलक्या शरीराला चालवायला कमी इंधन लागते. एक किलो वजन उतरले की दिवसाचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी घटतो. सहा किलो उतरले तर सुमारे 150 कॅलरी, म्हणजे दीड-दोन पोळ्या. पहिल्या महिन्यात जे खाणे कमी पडत होते, तेच आता बरोबर पुरते.

तिसरी गोष्ट भुकेची. ऑस्ट्रेलियातल्या 2011 सालच्या एका अभ्यासात वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातील भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके मोजली गेली. वर्ष उलटले तरी ती पूर्वपदावर आली नव्हती. शरीर जणू गेलेले वजन परत मागत होते. रात्री साडेदहाला फरसाणाच्या डब्याकडे हात जातो त्यामागे हे कारणही असते. दरवेळी त्याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

खरेच थांबले आहे का?

एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. वजन दिवसागणिक एक-दीड किलो वरखाली होते. रात्री जेवणात लोणचे आणि पापड झाले की मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवते आणि सकाळी काटा वर दिसतो. उल्हासनगरात, विशेषतः सिंधी घरांत, पापडाशिवाय जेवण पुरे होत नाही आणि पाहुण्याचे स्वागतही पापड-पाण्याने होते. अशा दुसऱ्या दिवशी वजन करून हिरमुसण्यात अर्थ नाही. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या आठवड्यातही हेच होते. आठवड्यातून तीन वेळा, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर वजन करा आणि त्याची सरासरी लिहा. अशी सरासरी चार आठवडे हलली नाही, तरच वजन थांबले असे म्हणा.

सोबत कंबर मोजा. टेप बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचे. भारतीय पुरुषांत 90 सेंमी आणि स्त्रियांत 80 सेंमीच्या वर गेले की धोका वाढतो. काटा थांबलेला असताना कंबर दोन सेंमीने घटली, असे व्यायाम करणाऱ्यांमध्ये नेहमी दिसते.

आपल्याकडे कंबरेला एवढे महत्त्व का, याचे उत्तम उदाहरण पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाटा ही गोष्ट सांगू शकत नाही.

काटा हलला नाही तरी मधुमेह मागे हटतो

हा मुद्दा या लेखात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 भारतीयांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने तीन वर्षे अभ्यास केला. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार सुधारून रोज किमान अर्धा तास भरभर चालायला लावलेल्या गटात हे प्रमाण 39.3 टक्के होते. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन जवळपास होते तिथेच राहिले होते. त्यांनी काट्याकडे पाहून चालणे सोडले असते, तर हा फायदा मिळाला नसता.

आणि तुमचे 84 चे 78 झाले असेल तर ती सात टक्के घट आहे. मधुमेह टाळण्यासाठी अमेरिकेत झालेल्या प्रसिद्ध चाचणीत उद्दिष्टच सात टक्क्यांचे होते, आणि त्या गटात मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. म्हणजे 78 वर थांबलेला माणूस नापास झालेला नाही.

मग करायचे काय?

आधी तीन दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा, चहासकट. बदलापूरहून सीएसएमटी 68 किलोमीटर. जाता-येता स्टेशनवरचा एक-एक चहा, ऑफिसात दोन, घरी एक. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर 200 कॅलरी नुसत्या साखरेच्या, दूध वेगळे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्यांचे पहाटेचे वडापाव आणि उल्हासनगरच्या दुकानदारांचे रात्री अकराचे जेवण हेही लिहिल्याशिवाय लक्षात येत नाही. तेलाचा अंदाज तर हमखास चुकतो. एका छोट्या चमच्यात 45 कॅलरी असतात, म्हणून महिन्याला घरात किती लिटर तेल येते ते पाहा आणि माणशी भागा. उपवासाच्या दिवशीची साबुदाणा खिचडीही वहीत लिहायची, ती उपवास म्हणून सुटत नाही.

पावसाळ्याचाही विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या पट्ट्यात सकाळचे चालणे आठवडेच्या आठवडे बंद पडते आणि काटा नेमका तेव्हाच थांबतो. इमारतीचा जिना, स्टेशनचा पूल, घरातल्या घरात वीस मिनिटे, काहीही चालेल.

नुसते चालणाऱ्यांनी आता ताकदीचा व्यायाम जोडावा, कारण वजनासोबत स्नायूही झिजतात. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे; आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी हवेच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

काटा अडला म्हणून एकवेळ जेवू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर त्याने साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. 'चरबी जाळणाऱ्या' पावडरींवर पैसेही घालवू नका. नव्या इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. ती परिणामकारक आहेत, पण सेमाग्लुटाइडच्या चाचणीत साधारण 60 आठवड्यांनंतर त्यांच्यावरही वजन स्थिरावले, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले.

घरच्यांसाठी

"एवढं करूनही तशीच दिसतेस" हे वाक्य महिनाभराची मेहनत धुऊन टाकते. वजन विचारण्याऐवजी संध्याकाळी सोबत चालायला निघा. एकासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस चालत नाही, विशेषतः तो रांधणारी तीच असेल तर. तेल आणि साखर सगळ्यांच्याच ताटातून कमी झाली की निभते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे असेल तर थायरॉइड तपासावे. पाळी अनियमित असेल, रात्री जोराने घोरणे आणि दिवसा झोप येणे असेल, तरीही दाखवावे. स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्स आणि नैराश्याची काही औषधे वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, बदलता येतील का ते विचारा. याउलट काहीही न करता वजन झरझर उतरत असेल तर तपासणी लांबवू नका. येताना चालू औषधांच्या पट्ट्या, तीन दिवसांची खाण्याची वही आणि आठवड्यांच्या सरासरीचा कागद सोबत आणा.